राजदूतचे इंजिन

मंडळी, गेले तीन-चार महिने इथे शुकशुकाट होता. दोघातिघांनी मेल करून तब्येत बरी आहे ना, असे विचारलेही. तब्येत ठणठणीत आहे. फक्त नखे काळी आहेत आणि ती साबणाने, रॉकेलने, लिंबाने, कशानेही निघत नाहीत. कारण भंडार्‍याच्या घरी मागच्या पडवीत मी आणि बाबा एका मोटरसायकलचे इंजिन खोलून बसलो होतो.

नातेवाइकांना ही मोटरसायकल वेगळी सांगायला नको. माझ्या पिढीतल्या निम्म्या भावंडांच्या पोटरीवर तिच्या सायलेन्सरचा डाग आहे. १९७४ ची राजदूत. बाबांनी सरकारी नोकरीतल्या वाहन अग्रिमावर घेतलेली, आणि त्याचे हप्ते फिटेपर्यंत आईला नवीन साडी मिळाली नाही असे आई अजूनही सांगते. (बाबांच्या मते दोन साड्या घेतल्या होत्या. हा वाद पन्नास वर्षे चालू आहे, मी त्यात पडत नाही.)

२०२० च्या ऑगस्टच्या अखेरीस वैनगंगा गावात शिरली. वर मध्य प्रदेशात पावसाने थैमान घातलेले, संजय सरोवराचे पाणी सोडलेले, आणि कारध्याच्या पुलाशी नदी बघता बघता चढत गेली. कोरोनाचे दिवस, त्यात हा पूर. आमच्याकडे कमरेएवढे पाणी होते. आई-बाबांना शेजार्‍यांनी वेळेवर माडीवर नेले म्हणून बरे. पाणी ओसरल्यावर मी पोचलो तेव्हा घरभर बोटभर जाडीचा गाळ, धान्याचा आंबूस वास, आणि खालच्या कपाटात बाबांच्या दौर्‍याच्या डायर्‍यांचा लगदा. सत्तावीस वर्षांच्या डायर्‍या होत्या. बाबांनी त्यातली एक उचलून पाहिली, शाई सगळी निळी होऊन पसरली होती. ती त्यांनी परत त्याच ढिगावर ठेवली.

राजदूत दोन दिवस पाण्याखाली होती. गाद्या, धान्य, विजेची फिटिंग यांतून तिच्याकडे कोण बघणार? ती तशीच राहिली, आणि मग काही वर्षे तशीच राहिली. किक खाली जाईना. शेवटी धाकट्या भावाने एकदा भंगारवाल्याला बोलावले. त्याने वजनावर भाव सांगितला. बाबा काही बोलले नाहीत, आत जाऊन पेपर वाचत बसले. पेपर सरळच धरला होता, पण अर्ध्या तासात पान काही उलटले नाही. भाऊ भंगारवाल्याला चहा पाजून परत पाठवून आला.

म्हणून मग गेल्या हिवाळ्यात मी घरून काम करण्याची परवानगी काढली आणि पाने घेऊन बसलो.

राजदूत ही काय चीज होती ते माहीत नसणार्‍यांसाठी थोडे विषयांतर. (माहीत असणार्‍यांनीही वाचा, मलाही यातले बरेचसे आत्ताच कळले.) हर प्रसाद नंदा आणि त्यांचे भाऊ यांनी १९४४ साली लाहोरला एस्कॉर्ट्स सुरू केली. फाळणीत लाहोर सुटले, कंपनी दिल्लीला आली. साठच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी ट्रॅक्टर आणि मोटरसायकल दोन्ही बनवायला घेतले, आणि दोन्हींसाठी हात धरला तो पोलंडचा. ट्रॅक्टर उर्सुसचा, मोटरसायकल एसएचएलची. पोलंडच का? कारण तेव्हा आपल्याकडे डॉलर-पौंडांचा खडखडाट होता आणि पूर्व युरोपातले देश रुपयांत व्यवहार करायला तयार होते. म्हैसूरला जावा आली ती चेकोस्लोव्हाकियातून, ती याच काळात. भंडार्‍यातल्या धुर्‍यावरून जाणारी फटफटी वॉर्सा किंवा प्रागच्या बाजूची का, याचे उत्तर असे दिल्लीच्या तिजोरीत होते.

एसएचएल ही तीन अक्षरे एका पोलिश ओतकाम कारखान्याच्या नावाची आद्याक्षरे आहेत. किएल्त्से गावातली ही भट्टी. युद्धापूर्वी तिथे पोलिश घोडदळासाठी १९३४ च्या नमुन्याच्या तलवारी बनत, आणि १९३८ पासून छोट्या मोटरसायकली. युद्धात घोडदळ संपले, तलवारी संपल्या, मोटरसायकली मात्र राहिल्या. १९६१ साली त्यांनी काढलेल्या एम-११ नावाच्या मॉडेलवरून १९६२ च्या सुमारास आपली राजदूत झाली. पोलंडमधल्या लोकांनी इंटरनेटवर टाकलेले एम-११ चे फोटो पाहिले तेव्हा मला हसूच फुटले. भाषेचे एक अक्षर कळेना, पण पुढचा तो जाड लोखंडी हाताचा फोर्क, ते इंजिनचे अंडाकृती पोट... एखाद्या परक्या लग्नात आपल्या मावशीसारखी हुबेहूब दिसणारी बाई भेटावी तसे.

आणि त्याच्याही मागे जायचे तर जर्मनीला जावे लागते. डीकेडब्ल्यू कंपनीने १९३९ साली आरटी-१२५ नावाची साधी, हलकी टू-स्ट्रोक मोटरसायकल काढली. युद्ध हरल्यावर तिची रेखाटने म्हणजे जणू धर्मशाळेतला रांजण झाला, ज्याला पाहिजे त्याने पाणी घ्यावे. इंग्रजांनी तिच्यावरून बीएसए बँटम केली, अमेरिकेत हार्ले डेव्हिडसनने घेतली, रशियनांनी घेतली, पोलंडची युद्धानंतरची छोटी इंजिने तिच्याच नमुन्यावरून सुरू झाली. आणि जपानमध्ये यामाहाची १९५५ ची पहिलीवहिली मोटरसायकल, वायए-१, तीही तीच. आता गंमत पाहा. १९८५ साली त्याच एस्कॉर्ट्सने यामाहाबरोबर आरएक्स-१०० आणली आणि तिने राजदूतला म्हातारी करून टाकले. म्हणजे एकाच जर्मन आजीची दोन नातवंडे, एक पोलंडमार्गे आलेले आणि एक जपानमार्गे, दिल्लीशेजारच्या एकाच घरात भेटली. आमच्या गल्लीतल्या पोरांनी आरएक्स-१०० वरून बाबांना ‘काका, ढकलू का’ असे विचारल्याचे मला आठवते. बाबांना हे आजीचे नाते सांगितले तर म्हणाले, ‘जपानवाल्यानं अभ्यास केला, पोलंडवाल्यानं नाही केला, आनखी काय.’

नावाचीही एक मजा सांगून टाकतो. साहेब लोक अ‍ॅम्बेसेडरमध्ये बसत आणि ग्रामसेवक राजदूतवर. शब्द तोच.

बाबा कृषी खात्यात होते. त्या काळी भंडारा जिल्हा मोठा होता, गोंदिया त्यातच होते (१ मे १९९९ ला वेगळे झाले), म्हणजे इकडे पवनीपासून तिकडे सालेकशापर्यंत. तळ्यांचा आणि धानाचा मुलूख. १९६६ साली फिलिपिन्समधून आयआर-८ आले, १९६८ साली आपल्याकडची ‘जया’ जात निघाली, आणि ही बुटकी, खत मागणारी धाने गावोगाव दाखवायला माणसे लागत. बाबा त्या माणसांपैकी एक. डांबरी सडक संपली की खडी, खडी संपली की बांदी आणि बांध्यांमधून पायवाट. मागे बियाण्याचे पोते, पुढे टाकीवर औषधाचा पंप. पावसाळ्यात चिखल चाकात आणि मडगार्डमध्ये असा भरायचा की उतरून काडीने काढावा लागे. ‘बॉबी’ सिनेमा १९७३ चा. त्यात ऋषी कपूरकडे जी इवलीशी राजदूत होती ती लोकांच्या डोक्यात इतकी बसली होती की बाबा मोठी राजदूत घेऊन गावात गेले की पोरे विचारत, ‘बॉबीवाली हाय का?’ बाबा म्हणत, ‘बॉबीचा बाप हाय.’

असो. इंजिनकडे वळतो.

राजदूतला १७५ म्हणत असले तरी ते भरते १७३ सीसी. एक सिलिंडर, टू-स्ट्रोक, तीन गिअर, सहा व्होल्टची वीज. टू-स्ट्रोकची खुबी ही की त्यात झडपा नाहीत. पिस्टन वर जातो तेव्हा खालच्या क्रँककेसमध्ये पेट्रोलची वाफ ओढली जाते, खाली येतो तेव्हा तीच वाफ दाबली जाऊन बाजूच्या वाटांनी वर सिलिंडरमध्ये जाते. म्हणजे क्रँककेस हाच पंप. त्यात वेगळे ऑइल नसते, पेट्रोलमध्ये मिसळलेल्या ऑइलवरच आतली बेअरिंगे जगतात. म्हणूनच पूर तिला फार लागला. कार्ब्युरेटरमधून पाणी थेट क्रँककेसमध्ये उतरले आणि सोबत वैनगंगेचा गाळ घेऊन आले. फोर-स्ट्रोक इंजिनात निदान ऑइलचा एक थर तरी आड आला असता.

सिलिंडरच्या डोक्यावरचा प्लग काढून त्यात डिझेल आणि रॉकेल ओतून ठेवले. आठ दिवस. रोज सकाळी चहा झाला की बाबा एकदा किक दाबून बघत आणि काही न बोलता परत जात. नवव्या दिवशी ती तसूभर खाली गेली. मग हेड काढले, सिलिंडरला लाकडाच्या ठोकळ्याने सगळीकडून हलके हलके ठोकत वर उचलले. आत कोरडा, पिवळसर गाळ, अगदी वाळलेल्या हळदीच्या लेपासारखा. क्रँकच्या बेअरिंगमधल्या गोळ्या गंजून एकमेकींना चिकटल्या होत्या.

पुढचे आठ-दहा दिवस नुसते खोलण्यात गेले. मॅग्नेट काढायला पुलर लागतो, तो नागपूरहून आणला. क्रँककेसची दोन अर्धुके हातोडीने वेगळी करायची नसतात हे मला माहीत होते. बेअरिंग आतून काढायला ठोकाठोक करायची नसते हे मात्र बाबांनी सांगितले. केस शेगडीवर तापवायची. अ‍ॅल्युमिनियम पोलादापेक्षा जास्त फुगते, मग बेअरिंग आपोआप सैल होऊन टपकन पाटावर पडते. आईने शेगडी दिली पण अट घातली की ती परत स्वयंपाकघरात येणार नाही.

आणि आता माझा पराक्रम.

इंजिनच्या क्लचकडच्या झाकणावर रंगाचे तीन-चार थर होते. कधीतरी घराच्या फाटकाला चंदेरी रंग दिला तेव्हा उरलेला हिलाही फासला होता, त्यावर टाकीच्या मरून रंगाचे ओघळ, त्यावर पुराचा गाळ. मला हवे होते इंटरनेटवरच्या फोटोंतल्यासारखे, दुकानातून आताच आल्यासारखे इंजिन. ब्रशने घासून कंटाळलो. कुठेतरी वाचले की जुना रंग काढायला कॉस्टिक सोड्याचे गरम पाणी फार छान. ते लोखंडी भागांबद्दल होते, हे मी नीट वाचले नाही. बादलीत पाणी, त्यात सोडा, त्यात झाकण. फेस यायला लागला तेव्हा मला वाटले, वा, काय काम करतेय! मी मीटिंगला गेलो. दीड-दोन तासांनी आलो तर बादली गरम झालेली, बुडबुडे सुटलेले, आणि झाकण काळेठिक्कर, खडबडीत, देवीचे व्रण उठल्यासारखे. कॉस्टिक सोडा अ‍ॅल्युमिनियम खातो. रंगाबरोबर धातूही गेला होता. हे शाळेतल्या रसायनशास्त्राच्या पुस्तकात असते, आणि मला त्यात चांगले मार्क होते.

बाबांनी झाकण हातात घेतले, उलटे केले, आतली बाजू उजेडात धरली. मग विचारले, ‘आतल्या तारखा वाचल्या होत्यास?’

‘कोणत्या तारखा?’

बाबांचा एक मिस्त्री होता. आता तो नाही. इंजिन जेव्हा जेव्हा खोले तेव्हा बंद करण्याआधी तो या झाकणाच्या आत टोकदार सळईने तारीख कोरून ठेवी, आणि बोअर केला असेल तर त्याचे माप. पावती देत नसे, वही ठेवत नसे, पण हे मात्र करीच. पहिल्यांदा खोलले तेव्हापासूनच्या सगळ्या तारखा तिथे होत्या. मी खोलताना ऑइलच्या चिकट थराखाली काही ओरखडे पाहिले होते. मला ते ओरखडेच वाटले. आता तिथे एक ‘८६’ दिसत होता, आणि त्याच्या खाली ‘५०’ मधला पाच. बाकी सगळे सपाट.

बाबा रागावले असते तर बरे झाले असते. ते म्हणाले, ‘डायर्‍या पाण्यानं नेल्या, हे तू नेलंस,’ आणि हात धुवायला गेले. तेवढेच. मी चार दिवस पडवीत गेलो नाही.

आपण इतिहास म्हणतो तेव्हा आपल्या डोळ्यांसमोर ताम्रपट, शिलालेख, दप्तरखाने येतात. भंडारा तर तांब्या-पितळेच्या भांड्यांचे गाव, इथे धातूवर नाव कोरणे ही घरोघरची गोष्ट. आमच्याकडच्या प्रत्येक पातेल्यावर कुणाच्या तरी लग्नाची तारीख आहे आणि ती पातेली आम्ही कशी जपून घासतो! पण मोटरसायकलच्या पोटात कोरलेली तारीखही तसाच लेख असू शकतो हे माझ्या डोक्यात आले नाही. मी मूळ रूप शोधत होतो फोटोंमध्ये. बरे, मूळ म्हणजे तरी कोणते? जर्मन रेखाटन, पोलिश ओतकाम, दिल्लीकडची जुळणी. त्यातला भंडार्‍याचा म्हणावा असा भाग तेवढाच होता, आतल्या बाजूचा, कुणाला न दिसणारा.

पाचव्या दिवशी बाबांनीच हाक मारली. त्यांच्या हातात एक पिस्टन होता. हा पिस्टन मी जन्मापासून बघत आलो आहे, तो त्यांच्या टेबलावर पेपरवेट म्हणून असतो. आणि दुसरा कुठे असेल सांगा? देवघरात. उलटा ठेवून त्यात तांदूळ भरून आई त्यात उदबत्त्या खोचते. बाबांनी दोन्ही आणून पाटावर ठेवले, शेजारी इंजिनमधून निघालेला तिसरा. प्रत्येकाच्या माथ्यावरचा कार्बन खरवडला. पेपरवेटवर काहीच आकडा नाही, म्हणजे तो कंपनीचा मूळ. उदबत्तीवाल्यावर ५०, म्हणजे सिलिंडर झिजल्यावर अर्धा मिलिमीटर वाढवून बोअर केला तेव्हाचा. इंजिनमधल्यावर १००, म्हणजे पूर्ण एक मिलिमीटर. अशी साखळी लागली. पहिला बोअर ज्या वर्षी पावसाने देशभर ओढ दिली त्या वर्षीचा, म्हणजे १९७९, कारण धान वाळताना बघत हिंडलो ते त्याच गाडीवर, आणि परतताना ती गडेगावजवळ बंद पडली, असे बाबा म्हणाले. पण मग ‘८६’ च्या खाली ५० कसा? एकोणऐंशीला नुसत्या रिंगा बदलल्या असतील, बोअर शहाऐंशीला झाला असेल. बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘झाकण म्हणते तेच खरं. मी चुकलो असेन.’ मला फार वाईट वाटले, कारण पुढच्या कुठल्याही वर्षाबद्दल आता असे म्हणायला झाकण उरले नव्हते.

सिलिंडर आता आणखी वाढवण्यासारखा नव्हता. भिंत पातळ झाली होती. लेथवाल्या काकांनी आत नवी स्लीव्ह दाबून बसवली आणि बोअर परत मूळ मापाला, ६१ मिलिमीटरला आणून दिला. त्यांच्याकडेच क्रँक दाबून वेगळा केला, नवा कनेक्टिंग रॉड बसवला. रॉडच्या वरच्या डोळ्यात, जिथे पिस्टनची गजन पिन जाते, तिथे बुश लागतो. किटमधला बुश सैल निघाला. मी आपला गावाभिमान दाखवला, म्हटले, पितळेच्या गावात बुशची काय चिंता, इथलेच पितळ लावू. काकांनी चष्म्यावरून पाहिले. ‘पितळ नोको टाकू बाप्पा, आठ दिवसात भोक ओव्हल होऊन जाईन. गनमेटल पाह्यजे.’ पितळ म्हणजे तांबे आणि जस्त, ते भांड्याला चांगले. जिथे पिन मिनिटाला हजारो वेळा इकडून तिकडे होते तिथे तांब्यात कथील हवे. त्यांनी गनमेटलच्या कांडीतून बुश काढला, ऑइलसाठी वरून भोक पाडले, रीमर फिरवला, आणि पिन ऑइल लावून आत घातली. ती आपल्याच वजनाने सावकाश घसरत खाली गेली. त्यांच्या चेहर्‍यावर तेव्हा जे समाधान होते ते कुठल्या मापयंत्रावर दिसत नाही.

रंगाचे काम शेवटी फार थोडे निघाले. सिलिंडरचे लोखंडी पंखे काळे, उष्णता सोसणार्‍या रंगाचे, आणि तेही पातळ हाताने. जाड रंग म्हणजे इंजिनला स्वेटर घातल्यासारखे, उष्णता बाहेर पडत नाही. हा रंग नुसता वाळून पक्का होत नाही, तो भाजावा लागतो. शेगडी आधीच बदनाम झाली होती, म्हणून तीच वापरली. सांध्यांच्या कडांना आधी कागदी पट्टी लावायची, नाहीतर तिथे रंग जाऊन गॅसकेट बसत नाही. क्रँककेसला रंग दिलाच नाही, रॉकेल आणि पितळी तारांच्या ब्रशने घासून अ‍ॅल्युमिनियम जसे होते तसे ठेवले. तुटलेला एक पंखाही तसाच ठेवला. तो १९९१ साली लाखनीजवळ मी पाडलेल्या गाडीचा आहे, आणि तो गुन्हा मी इथे पहिल्यांदाच कबूल करतो आहे.

राहिले ते झाकण. मी म्हटले पुट्टी भरू, घासू, चंदेरी मारू, कळणारही नाही. बाबा म्हणाले, चंदेरी मार, नाहीतर खड्ड्यांत पांढरी बुरशी धरेल, पण पुट्टी भरू नको. म्हणून आता सगळे इंजिन उघड्या धातूचे आणि तेवढे एकच झाकण रंगवलेले, व्रणांसकट. सांध्याची कड तेवढी जाड काचेवर पॉलिश पेपर ठेवून, त्यावर झाकण आठ-आठ आकड्यात फिरवून सपाट केली. त्याला पूर्ण दोन दिवस लागले. चुकीची शिक्षा म्हणून ठीक होते.

बंद करण्याआधी मी सळई घेऊन बाबांना विचारले, पिस्टनवरून आणि तुमच्या आठवणीवरून जमल्या तेवढ्या तारखा परत कोरू का? ते म्हणाले, ‘ते त्याचं अक्षर होतं. तुझ्या अक्षरात ते कशाला?’ मग थोड्या वेळाने म्हणाले, ‘आजची टाक.’ मी ‘८६’ च्या खाली आजची तारीख आणि पुढे ‘स्लीव्ह, ६१’ एवढे कोरले. माझे अक्षर वाईट आहे. सळईने तर फारच.

मधे भावाने बातमी आणली की पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी मिळते, २०२१ सालचा केंद्राचा नियम आहे, वीस हजार रुपये फी, दहा वर्षे चालते, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरे. मी नियम वाचला. गाडी मूळ स्वरूपात जपलेली हवी, तिच्यात फार मोठे फेरफार झालेले नसावेत. आणि ती रोजच्या वापरात रस्त्यावर आणायची नाही, प्रदर्शन, रॅली वगैरेंसाठीच. बाबांना शेवटचे वाक्य वाचून दाखवले. त्यांनी विचारले, ‘म्हणजे दूध आणायला नेता येनार नाही?’ विषय तिथेच संपला. कागद आहेत त्याच नोंदणीचे नूतनीकरण करून घ्यायचे ठरले, ते काम भावाकडे आहे.

सुरू झाली ती एका रविवारी सकाळी, अकराव्या किकला. आधी खोकली, मग एकदम टप-टप-टप असा तो आवाज, आणि पडवीभर निळा धूर. नव्या रंगाचा जळका वास, त्यात ऑइलचा वास. आई पदर नाकाला लावून दारात उभी. शेजारच्या इंजिनिअरिंगच्या पोराने गच्चीवरून विचारले, ‘काका, आग लागली का?’ बाबा कान देऊन ऐकत होते. त्यांना डाव्या कानाने आता कमी ऐकू येते, म्हणून उजवा कान टाकीशी आणून. म्हणाले, ‘पॉइंट थोडा मागे घे.’ घेतला. खरेच सुधारली.

पेट्रोल टाकायला दोघेच गेलो, गाडी ढकलत नव्हे, चालवत. पूर्वी पंपावर टू-स्ट्रोकसाठी ऑइल मिसळून देत, आता तिथल्या मुलाला ते काय हेच ठाऊक नव्हते. बाबांनी खिशातून जुन्या खोकल्याच्या औषधाचे मापाचे टोपण काढले आणि लिटरला चाळीस मिलिलिटर या हिशेबाने ऑइल टाकीत ओतून गाडी आडवी-तिडवी हलवली. मी त्यांना सांगत होतो की आताच्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असते, जुने रबर त्याने फुगते, कार्ब्युरेटरचे सील बदलत राहावे लागतील. त्यांनी विचारले, इथेनॉल कशाचे? उसाचे, मक्याचे, म्हटले, आणि तांदळाचेही. सरकारने अन्न महामंडळाच्या गोदामातला तांदूळ २०२० पासून त्यासाठी द्यायला सुरुवात केली, २०२३ मध्ये थांबवले, २०२४ मध्ये परत सुरू केले.

‘तांदळाचं?’ बाबांनी टाकीचे झाकण लावता लावता विचारले. ‘म्हणजे पोते पाठीवर वाहून नेलं, ते आता पोटात घालायचं म्हन.’

मग म्हणाले, ‘मागं बैस. मी चालवतो.’